एक मोळ मोगरा

"मॅम, बंगळुरूत मोगरा महागतच नाही!"

सानिकाने लॅपटॉप टेबलावर ठेवला तो थेट माझ्या चहाच्या कपाला खेटून. स्क्रीनवर दोन रेघा होत्या. निळी रेघ बेडकासारख्या उड्या मारत होती. लाल रेघ जानेवारीपासून मार्चपर्यंत ढिम्म आडवी पडली होती.

"निळी म्हणजे होलसेल रेट. लाल म्हणजे इथल्या शिवाजीनगरचा रिटेल. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, लग्नाचे मुहूर्त गेले. होलसेल सारखा वर-खाली, पण फूलवाल्या सरोजक्काचा मोळ वीस रुपये म्हणजे वीसच. इट्स इन्सेन!"

मोळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. बंगळुरूच्या रस्त्यावर गुंफलेला मोगरा वजनावर मिळत नाही. फूलवाली माळेचं टोक मधल्या बोटाच्या टोकाशी धरते, माळ कोपरापर्यंत ताणते आणि तोडते. झाला एक मोळ. निपाणीला माझ्या लहानपणी यालाच आम्ही 'हात' म्हणायचो. इथे कन्नडमध्ये मोळ.

"सगळे आठवडे तूच गेलीस?"

"हो मॅम. एकही चुकवला नाही. बीएमटीसीच्या बसने गेले, दोनदा तर उभ्याने."

सानिका पुण्याची, अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोरमंगलाच्या एका पीजीत राहणारी. कन्नड तिला तीनच शब्द येत होते: सरी म्हणजे ठीक, स्वल्प म्हणजे थोडं, आणि एष्टु. 'मोळ एष्टु?', म्हणजे मोळ कितीला, हे विचारायला तेवढे पुरत होते.

मी ग्राफ पाहिला आणि मला अक्षरशः टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. प्रेझेंटेशनला पंधरा दिवस होते आणि असं काहीतरी हाताला लागण्याची मी जानेवारीपासून वाट पाहत होते.

मी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र शिकवते. शेजाऱ्यांना वाटतं, मला डॉलरचा भाव आधी कळतो. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मुलाची परदेशातली फी भरायच्या आधी न चुकता माझी बेल वाजवतात. मला यातलं काही कळत नाही हे त्यांना सांगून झालं, पण त्यांना तो माझा विनय वाटतो. प्रत्यक्षात मी एवढंच शिकवते की एक वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात जाताना तिचं, तिच्या किमतीचं आणि तिच्यावर पोट असलेल्या माणसांचं काय होतं.

सरकारी कॉलेजातून रिटायर झाल्यावर एका खासगी युनिव्हर्सिटीने मला बोलावलं. दर वर्षी नवं कॉन्ट्रॅक्ट. तिथे मी तीन वर्षांपूर्वी एक कोर्स सुरू केला. त्याचं नाव इतकं लांब आहे की दारावरच्या पाटीत मावलं नाही, म्हणून पाटीवर नुसतं 'आय. ई. लॅब' आहे. लॅबमध्ये एक कपाट आणि नऊ खुर्च्या आहेत. कल्पना साधी. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा, या तीन विभागांतून एकेक विद्यार्थी घ्यायचा आणि तिघांनी मिळून एकाच वस्तूचा माग काढायचा.

यात मी माझा एक खास नियम घातला होता. त्याला मी खांदेपालट म्हणते. ज्याचं जे शिक्षण, ते काम त्याने करायचं नाही. अर्थशास्त्रवाल्याने बाजारात जाऊन माणसांशी बोलायचं. समाजशास्त्रवाल्याने आकडेमोड करायची. कायदावाल्याने रिपोर्ट लिहायचा, तोही एकही 'सबब' आणि 'सदरहू' न वापरता. दुसऱ्याच्या बुटात पाय घातल्याशिवाय त्याला कुठे टोचतं ते कळत नाही, अशी माझी ठाम समजूत. या नियमाचा मला फार अभिमान होता. सेमिनारमध्ये मी त्यावर पाऊण तास बोलत असे.

स्टाफरूममध्ये मात्र माझ्या कोर्सला 'मिसळ' म्हणायचे. अर्थशास्त्रवाले म्हणायचे, यात गणित नाही. समाजशास्त्रवाले म्हणायचे, यात गणितच आहे. कायद्याच्या हेडबाई काहीच म्हणायच्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघून कॉफी ढवळायच्या. त्या वर्षी डीन सरांनी मला बोलावून सरळ सांगितलं. सर मंगळुरूचे, आम्ही इंग्रजीतच बोलतो. इथे मराठीत लिहिते.

"या वेळी बाहेरून परीक्षक येणार आहेत. प्रोजेक्ट बघून रिपोर्ट देतील. रिपोर्ट चांगला नसेल तर जूनपासून कोर्स बंद. मी काही करू शकणार नाही."

कोर्स बंद म्हणजे माझं कॉन्ट्रॅक्टही बंद. पैशांचं फार नव्हतं, पेन्शन आहे. पण सकाळी साडेआठला तयार होऊन कुठे जायचं, हा प्रश्न मला परत पडायला नको होता. रिटायर झाल्यावर चार महिने मी घरी होते. त्या चार महिन्यांत मी मसाल्याचे डबे तीनदा नव्याने लावले. तो कोर्स मला हवा होता. अगदी हट्टाने हवा होता.

म्हणून लाल रेघ पाहून मी हरखले.

तिघांच्या गटाने मोगरा निवडला होता, कारण तो इकडून विमानाने सिंगापूरलाही जातो. अर्थशास्त्रात एक जुनी कल्पना आहे, एका किमतीचा नियम. एकच वस्तू दोन ठिकाणी विकली जात असेल, तर वाहतूक आणि कर वजा करून तिची किंमत दोन्हीकडे साधारण सारखी हलायला हवी. इकडे महाग झाली तर तिकडेही महाग. सानिकाची आतेबहीण सिंगापूरला राहते. ती दर आठवड्याला तिथल्या दुकानातला भाव कळवत होती. तिथला भाव होलसेलच्या मागोमाग हलत होता. शिवाजीनगरचा मात्र जागचा हलत नव्हता. न हलणाऱ्या किमतीला आम्ही चिकट किंमत म्हणतो. पण इतकी चिकट किंमत मी तीस वर्षांत पाहिली नव्हती.

तिघांनी त्याचं सुंदर स्पष्टीकरणही शोधलं होतं. सरोजक्का रोजच्या गिऱ्हाइकांशी नातं जपते, म्हणून महागाईचा फटका स्वतः सोसते. जगाचा बाजार तिच्या गाडीपाशी येऊन थांबतो. वाचून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सरोजक्काला मी स्वतः ओळखत होते. बस स्टँडच्या बाजूला तिची गाडी आहे आणि दर शुक्रवारी मी तिच्याकडूनच मोळभर मोगरा घेते.

डीन सर तर माझ्याहून खूश झाले. त्यांनी तो निष्कर्ष परीक्षकांना आधीच पाठवून दिला आणि गेटवर लावायला पोस्टर छापून घेतलं. 'जिथे मोगरा महागत नाही' असं इंग्रजीत, आणि खाली हसणारी सरोजक्का.

मग पाडवा आला. इथला उगादी.

आदल्या संध्याकाळी शिवाजीनगरला ही गर्दी. मी सरोजक्काकडून एक मोळ घेतला. वीस रुपये. मनात म्हटलं, बघा, सणाच्या तोंडावरसुद्धा वीस! घरी येऊन देवघरातल्या अंबाबाईच्या तसबिरीला माळ घालायला गेले. तसबिरीच्या दोन्ही अंगांना खिळे आहेत. या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत, मध्ये थोडा झोल देऊन, एक मोळ बरोब्बर बसतो. वर्षानुवर्षं बसतो.

त्या दिवशी बसेना. चार बोटं कमी.

आधी मी खिळ्यावर संशय घेतला. भिंतीतून खिळा सरकत नाही हे लक्षात आल्यावर माळ परत काढली आणि माझ्या हातावर धरून पाहिली. कोपर लांबच राहिलं. मग आठवलं की दिवाळीला, श्रावणातल्या वरमहालक्ष्मीला मी नेहमी दोन मोळ घेते. का घेते, तर एक पुरत नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की सण आहे म्हणून आपण हौसेने जास्त घालतो.

मी तशीच देवघरासमोर पाटावर बसले. लाल रेघ आडवी होती कारण आम्ही फक्त रुपये लिहिले होते. मोळ किती लांब, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तरी मी मंजुनाथला फोन लावला. मंजुनाथ गटातला समाजशास्त्रवाला. आनेकलहून रोज बसने येतो, बोलतो मोजकं. खांदेपालटीत त्याच्याकडे आकडेमोड, म्हणजे रिग्रेशन वगैरे, आली होती आणि कधी नव्हे ते सॉफ्टवेअर शिकून त्याने ती चोख केली होती. त्याच्याशी मी कन्नडमध्ये बोलते.

"मंजुनाथ, सणाला मोळ आखूड होतो का रे?"

"होतो की, मॅम."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"एल्लारिगू गोत्तु, मॅम." म्हणजे, सगळ्यांनाच ठाऊक आहे. "माझी आई घरी फुलं गुंफून देते. फुलं महागली की मोळ स्वल्प आखूड, गाठीही स्वल्प लांब-लांब. स्वस्त झाली की परत पूर्ण."

"अरे मग बोलला का नाहीस इतके दिवस?"

तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "मॅम, तुम्ही मला रिग्रेशन दिलं होतं."

मी फोन ठेवला. ज्याच्या घरात मोगरा गुंफला जातो, त्याला मी लॅपटॉपपुढे बसवलं होतं. जिला बंगळुरूत येऊन दीड वर्ष झालं, तिला मोजणीला धाडलं होतं. तिला मोळ हे मीटरसारखंच एक माप वाटलं. पुस्तकात तसंच दिलंय, अठरा इंच. त्याला वाटलं, ही अर्थशास्त्राची हुशार मुलगी, तिने ते धरलंच असणार. आणि ही सगळी योजना माझी.

तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं शिवाजीनगरला गेलो. चौथा म्हणजे फैज, कायद्याचा विद्यार्थी. त्याच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे आहे, तिथून त्याने टेप आणली होती. टेप बघून सरोजक्काच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय अक्का? ब्लाउज शिवताय?"

मी कन्नडमध्ये जमेल तितकं गोड बोलत विचारलं. ती आधी फुलांवर पाणी मारत राहिली. मग एकदम सुरू झाली.

"दर वाढवला तर काय होतं, सांगू? गिऱ्हाईक पुढच्या गाडीवर जातं. आणि एकदा गेलं की सण संपल्यावरही तिकडेच जातं. वीसची नोट काढायची सवय आहे लोकांना. पंचवीस म्हटलं की तोंड वाकडं. माळ मोजताना मनगटात जरा हात वाकवला तर तोंड कुणी वाकडं करत नाही."

"पण लोकांना कळत नाही?"

"न कळायला काय! त्यांनाही कळतं, मलाही कळतं. बोलायचं कशाला?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला मात्र अक्का, मी नेहमी पूर्ण देते हं."

माझे दोन खिळे साक्षीला होते.

परत येताना चहाच्या टपरीवर फैज म्हणाला, "मॅम, एक प्रॉब्लेम आहे. कायद्याने मोळ हे मापच नाही. मीटर, किलो नाहीतर नग. त्यात तो आखूड करणं हे आपण लिहून छापलं, वर तिचा फोटो. उद्या कुणी इन्स्पेक्टर येऊन तिला त्रास देऊ शकतो."

"मग नावही नको, फोटोही नको," मंजुनाथ म्हणाला. "आणि 'फसवते' असा शब्द नको. ती फसवत नाही. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीत फसवणूक कुठे?"

दोघं कडाकडा वाद घालू लागले. मी ऐकत राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या दोघांना आपापल्या विषयातलं बोलायला मिळालं होतं, हे मला टपरीवर उभ्याउभ्या लक्षात आलं.

सानिकाने मात्र चहाला हातही लावला नव्हता. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझे सगळे आठवडे वाया गेले. मी फक्त रेट लिहिला. लांबी आता कुठून आणायची? माळा तर कधीच सुकून गेल्या." आणि रडायलाच लागली. पुण्याच्या मुली रडतानाही वाक्य पूर्ण करतात.

"दर वेळी विकत घेत होतीस ना?" मी विचारलं. हाही माझा एक नियम. विचारायला जाल तर काहीतरी विकत घ्या, विकणाऱ्याचा वेळ फुकट घेऊ नका.

"घेत होते. रूमवर नेऊन टांगायची. आणि आईला फोटो पाठवायची, बघ आज मोगरा आणला म्हणून."

"टांगायचीस कुठे?"

"दाराच्या हुकला."

"नेहमी त्याच?"

"एकच हुक आहे, मॅम. पीजी आहे तो."

तिने फोन काढला. आईला पाठवलेले सगळे फोटो जागेवर होते. प्रत्येक फोटोत दाराच्या हुकावरून माळ खाली लोंबत होती. आणि त्या माळेच्या मागे, दारावर चिकटवलेली, पीजीची लॅमिनेट केलेली नियमावली. नियम एक ते बारा.

फैजने फोटो मोठा केला. "संक्रांतीला माळ नियम आठपर्यंत पोचलीय."

"आठ काय आहे?"

"खोलीत इंडक्शन वापरू नये."

"आणि साध्या दिवशी?"

"अकरा. मोठ्याने गाणी लावू नयेत."

त्या क्षणी चहाच्या टपरीवर आम्ही इतके हसलो की चहावाल्याने विचारलं, काय झालं. सानिका रडता-रडता हसत होती. इतक्या आठवड्यांच्या माळा, एकाच हुकावर, एकाच पट्टीसमोर. पट्टी तेवढी मोजायची बाकी होती.

ती मोजतानाही गंमत झाली. नियम क्रमांक एक: पुरुषांना प्रवेश नाही. त्यामुळे फैज आणि मंजुनाथ खाली रस्त्यावर वही घेऊन उभे, आणि सानिका टेप लावून एकेका नियमाची उंची गॅलरीतून ओरडून सांगतेय. शेजारच्या हॉटेलातून बिर्याणी घेऊन जाणारे डिलिव्हरीवाले थांबून बघत होते. पीजीच्या मावशींनी त्यावर तिला नियम अकराची आठवण करून दिली.

मंजुनाथने नवा ग्राफ काढला. वीस रुपये भागिले माळेची लांबी. लाल रेघ उठली आणि निळीच्या मागोमाग उड्या मारायला लागली, जरा बुटक्या उड्या, पण त्याच दिवशी. सरोजक्काची गाडी जगाच्या बाजाराशी जोडलेलीच होती, फक्त ती जोडणी तिच्या कोपरात होती. आमचं सुंदर स्पष्टीकरण कोसळलं. नातं जपायला ती फटका सोसत नव्हती. फटका आमच्यावरच ढकलत होती, पण अशा रीतीने की नातं राहावं.

आता डीन सरांना सांगणं आलं.

"छापून झालंय," ते म्हणाले. "गेटवर लागलंय. परीक्षकांना गेलंय. तुम्ही म्हणता ते खोटं आहे?"

"दर स्थिर आहे हे खरं आहे, सर. मोळ स्थिर नाही."

"मग दर स्थिर आहे एवढंच सांगा. ते तर खरंच आहे ना?"

मी नवा ग्राफ त्यांच्यासमोर ठेवला.

"मी कोर्स वाचवायला बघतोय," ते जरा मऊपणाने म्हणाले. "तुमचे विद्यार्थी उभे राहून सांगणार, आम्ही तीन महिने चूक मोजलं. स्टाफरूममध्ये काय म्हणतील? तीन विभाग एकत्र आले आणि तिघांना मिळून एक माळ मोजता आली नाही."

हे त्यांनी बोलायलाच नको होतं, कारण ते खरं होतं.

घरी येऊन मी विचार करत बसले. खरं लपवायचा विचारही मनात आला नाही, असं सांगणं मला शोभलं असतं. पण मी विचार केला. पूर्ण एक संध्याकाळ केला. दर स्थिर आहे, एवढंच म्हणायचं. परीक्षक टेप घेऊन थोड्याच येणार आहेत! मुलांना सांगता आलं असतं की हा दुसरा भाग पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी ठेवू. अंबाबाईसमोर दिवा लावला तेव्हा ती आखूड माळ अजून तशीच लोंबत होती, एका खिळ्याला अडकलेली, दुसऱ्यापासून चार बोटं लांब. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. सरोजक्काच्या पुढ्यात गिऱ्हाइकांची गर्दी उभी असते, घरी पोरं असतात. मी कशासाठी हात वाकवणार होते?

सकाळी मी तिघांना मेसेज केला: पहिली स्लाइड चुकीची. तिथूनच सुरुवात करा.

प्रेझेंटेशनला परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या होत्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर. डीन सर त्यांच्या शेजारी. मागे तिन्ही विभागांचे लोक, बहुतेक बिस्किटांसाठी आलेले. सानिकाने पहिली स्लाइड लावली. आडवी लाल रेघ. म्हणाली, "हा आमचा निष्कर्ष होता. तो चुकीचा आहे. का, ते मंजुनाथ सांगेल."

मंजुनाथने सांगितलं. आईच्या गाठींपासून सांगितलं. फैजने मापाचा कायदा सांगितला आणि विक्रेत्याचं नाव का दिलं नाही तेही. नियमावलीचा फोटो आला तेव्हा मागून हशा पिकला. कायद्याच्या हेडबाईंनी कॉफी ढवळणं थांबवलं. माळेतल्या गाठी किती लांब होत्या ते फोटोंतून कळत नाही, तेवढं आमच्याकडून सुटलं आहे, हेही मुलांनी आपणहून सांगितलं.

परीक्षक बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "एवढे आठवडे तुमच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हतं?"

"मला माहीत होतं," मंजुनाथ म्हणाला. "कुणी विचारलं नाही."

मला उभं राहावंच लागलं.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "ज्याला जे येतं ते त्याने करायचं नाही, असा नियम मी केला. दुसऱ्याचं काम करायला शिकवलं. स्वतःला जे ठाऊक आहे ते सांगायची जागा मात्र कुठेच ठेवली नाही."

"मग आता नियम काढून टाकणार?"

"नाही. या नियमामुळेच मंजुनाथला स्वतः हा दुसरा ग्राफ काढता आला. पण पुढच्या वेळी फॉर्मवर पहिला प्रश्न असेल, या वस्तूबद्दल तुमच्या घरात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट लिहा."

बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग पर्समधून रुमाल काढला, उलगडून स्वतःच्या बोटापासून कोपरापर्यंत धरून पाहिला, घडी घालून परत ठेवला. त्याचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

दहा दिवसांनी डीन सरांनी बोलावलं. मी जाताना टेबलाचा खण आवरून गेले होते, उगाच तमाशा नको म्हणून. सरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. कोर्स आणखी दोन वर्षं चालू ठेवावा. फॉर्मवरचा तो प्रश्न इतर कोर्सनाही लावून पाहावा. प्रोजेक्टला मात्र बी प्लस, कारण पीजीच्या नियमावलीने केलेल्या मोजणीला ए देण्याची त्यांची तयारी नव्हती. सानिका दोन दिवस धुमसत होती. मंजुनाथ म्हणाला, सरी. मी खणातलं सामान परत खणात टाकलं आणि खूप दिवसांनी कँटीनला जाऊन मसाला डोसा खाल्ला.

पुढच्या शुक्रवारी नेहमीसारखी शिवाजीनगरला गेले. पोस्टर उतरवलं होतं, नाव कुठे छापलं नव्हतं, त्यामुळे सरोजक्काचा माझ्यावर राग असायचं कारण नव्हतं. आणि नव्हताही. तिने हसून माळ उचलली. मधल्या बोटाच्या टोकाशी धरली, हात काठीसारखा सरळ केला, माळ पार कोपराच्या हाडापर्यंत आणली, मला दिसेल अशी धरली आणि मगच तोडली. एक पूर्ण मोळ, वर दोन कळ्या जास्तीच्या.

मी वीसची नोट पुढे केली.

"पंचवीस, अक्का."

"अगं, वीस ना? या बाईंना आत्ता वीसलाच दिलास."

"त्यांना मोळ दिला," सरोजक्का शांतपणे म्हणाली. "तुम्ही टेपवाल्या. तुम्हाला वाकडा हात कसा दाखवू? तुम्हाला पूर्ण माप, आणि दर बाजारचा. आज फुलं महाग आहेत."

मी वरचे पाच रुपये दिले. घरी आल्यावर माळ या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत झोल देऊन बसली. तेव्हापासून दर शुक्रवारी मी होलसेलचा भाव बघूनच बाहेर पडते. सानिकाचं पहिलं वाक्य तसं बरोबरच होतं. शिवाजीनगरात मोगरा कुणालाच महाग मिळत नाही, एक मी सोडून.